तोंड उघडं ठेवून

तिबिलिसी, दुसरा मजला. दातांच्या डॉक्टर नानुली
माझ्या गालात कापूस कोंबतात नि विचारतात,
ते राजाच्या न्हाव्याचं नाटक पाहिलंत?
मी म्हणतो, आँ.

पाहू नका.
पहिला अंक झकास. दुसऱ्यात दिग्दर्शकाला धूर सापडला,
मग काय, धूरच धूर.
पुढच्या रांगेतल्या बाई खोकल्या,
तेवढंच काय ते खरं वाटलं.

मशीन घूं घूं करतं.
सिनेमा मात्र बघाच, तो मेंढपाळाचा.
दोन तास काही घडत नाही, कुत्रा म्हातारा होतो.
आमचे हे घोरायला लागले. मी उठवलं नाही,
पडद्यावरही कुणी झोपलं होतं
आणि दोघांचा श्वास जुळत होता.
थुंका.

आणि ती जाडी कादंबरी, जिच्यात त्यात घुसलेलं डोकं?
चारशे पानं युद्ध, आणि एकाचीही दाढ दुखत नाही!
वीज नव्हती त्या हिवाळ्यांत
मी मेणबत्तीच्या उजेडात दाढा उपटल्यात.
लेखकानं विचारायचं तरी.

इथं त्या थोडा वेळ गप्प.
मग : चावा. उंच लागतंय?

मला सांगायचं होतं,
त्या धुरातच मी रडलो होतो,
कुणाला दिसणार नाही म्हणून.
पण अर्धी जीभ माझी नव्हती.

उतरलो, नाट्यगृहाच्या खिडकीशी एक बोट दाखवलं.
कुठली रांग?
नकाशावर टेकवलं तेच बोट :
पहिली. खोकल्याची.