फ्रेमची काच

पासपोर्ट फोटोसाठी मान सरळ धरून
केदू गुंजाळ, माजी तोफची, मला म्हणाले,
"समुद्राचा काढता का, बाई?"

नाशकात कुठला समुद्र.
दारणेचं पाणी आहे, धरणाच्या भिंतीला टेकलेलं.
"दारणा नको. ओख्याच्या अलीकडं.
एकाहत्तरच्या डिसेंबरात आमची तोफ होती तिथं."
पावतीच्या पाठीवर नकाशा काढला त्यांनी:
दीपगृह, झुडूप, खड्डा.
खड्ड्याभोवती दोनदा गोल.

मार्चमध्ये गेले, दुसऱ्या एका कामाला जोडून.
दीपगृह होतं.
झुडूप म्हणजे वेडी बाभूळ, नजर जाईल तिथं तीच.
खड्डा म्हणावेत असे अकरा.
एकात शेळी बसलेली.
एकात कुणी जाळलेलं जाळं, नायलॉनचा काळा गोळा.
सिमेंटचा तुकडा, त्यातून गंजकी सळई;
ती लढाईतली, की गेल्या साली पडलेल्या संडासाची,
कॅमेऱ्याला कळत नाही.
काहीतरी उघडं पडेल म्हणून ओहोटीची वाट पाहिली.
चिखल उघडा पडला.

तरी पहाटेचा एक फोटो चांगला आला.
लॅम रोडच्या स्टुडिओत तो काउंटरवर ठेवला,
तर चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून म्हणाले,
"एवढा उजेड नव्हता.
आम्ही समुद्र पाहिलाच नाही. ऐकला.
ब्लॅकआउट. विडीसुद्धा नाही.
दगू पाटोळे म्हणायचा, उजाडलं की बघू केवढा आहे.
सिन्नरचा गडी. विहिरीहून मोठं पाणी
बघितलं नव्हतं त्यानं."
पुढं बोलले नाहीत.
मी सुट्टे मोजत राहिले.

भगूरला त्यांच्या पत्र्याच्या खोलीत
खिळा मीच ठोकला. फोटो थोडा तिरका बसला.
चहा आला, आणि डोंगराकडं
तोफखान्याचा सराव सुरू झाला.
इथं कुणी मान वळवत नाही.
द्राक्षाच्या क्रेट भरणारी पोरं भरतच राहतात,
दूधवाला लिटर मोजतो.
फक्त भांडी बोलतात मांडणीवर,
आणि आज फ्रेमची काच.

केदूभाऊ उठले.
भर दुपारी दार लावलं, खिडकीवर घोंगडी टाकली,
चाचपडत परत येऊन बसले.
"आता बघा," म्हणाले.
"आता बरोबर आहे."

मला काहीच दिसत नव्हतं.
काच वाजत होती.