अठरावा गुडघा

डॉक्टर रसिका देवरेंना प्रबंधासाठी
वीस निरोगी गुडघे हवे होते.
आतली दोरी कुठून निघते, कुठे रुजते,
किती अंशांत झुकते, एवढंच मोजायचं.
धुळ्यात दुखरे गुडघे हवे तेवढे,
सकाळी सातपासून बाकावर ओळीने बसलेले.
ज्याचा दुखत नाही तो इकडे कशाला फिरकेल?

सतरा कसेबसे जमले. लॅबमधले दोघे,
कँटीनची आक्का, रजेवरचा एक पोस्टमन, असे.
अठरावा सुपडू भोई, रात्रीचा वॉचमन.
"मन्हा पाय कधीच दुखना नही," म्हणाला.

मे महिना. पांझरेतले दगड तापलेले,
आत मात्र वीस अंश, यंत्राला लागतात म्हणून.
मी त्याच्या किल्ल्या घेतल्या, शिट्टी घेतली,
करदोड्यातला ताईत सोडायला लावला.
तो माझ्या तळहातावर ठेवताना
दोनदा बजावलं, खाली ठेवू नको.

उजवा पाय कॉइलमध्ये, दोन्हीकडून फोम.
झोप लागली तर लागू द्या काका,
पण झोपेतसुद्धा पाय हलवायचा नाही.

ठोके सुरू झाले.

माझ्याकडे गुडघा चकत्यांनी येतो,
तीन-तीन मिलिमीटरच्या, बाहेरून आत.
चरबी उजळ, पाणी त्याहून उजळ.
अस्थिबंध काळे. जे धरून ठेवतात
ते यंत्राशी बोलत नाहीत,
गप्प बसण्यावरून ओळखायचे.

मागची दोरी आली, विळ्यासारखी वाकलेली, जाड.
पुढची चकती. तिच्या पुढची.
आता समोरची यायला हवी होती,
मांडीच्या हाडाच्या खाचेतून तिरपी
नडगीच्या माथ्यावर उतरणारी.
खाच आली.
खाचेत नुसतं पाणी.

मी मागे गेले, पुढे आले,
वेगळा तिरपा छेद घेऊन पाहिला.
खाली, मागच्या दोरीला टेकून
एक बारीक काळा तुकडा चिकटलेला,
लग्नाला आलेला पाहुणा राहूनच जावा तसा.

काका, कधी पडला होतात?
नही.
मुरगळला?
तो ताईत बांधत होता. गाठ मारता मारता हसला.
"मशीनमा डफ वाजी ऱ्हायना व्हता, ताई."

मग हळूहळू निघालं.
सत्त्याऐंशी साल, बेटावद, स्वतःचीच हळद.
पावरीवर नाचताना पाय जमिनीत राहिला, अंग फिरलं.
टक्.
एवढा डफ, एवढी माणसं,
ऐकू आलं ते त्याला एकट्याला.
दुसऱ्या दिवशी सप्तपदीला हा मागे मागे,
बायका म्हणाल्या, नवरदेव लाजरा शे.
महिनाभर सूज होती. उरलेली हळद लावली, उतरली.

म्हणजे दुखलं होतं की, डॉक्टर म्हणाल्या.
"ते तर लगीन व्हतं," सुपडू म्हणाला.

त्यांनी त्याला पडद्याजवळ बोलावलं.
ही खाच. इथे दोरी हवी होती.
चष्मा कपाळावर सारून तो बघत राहिला,
स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवून,
कुणाचं तरी लेकरू धरावं तसा.
"मंग इतला वरीस मी कसावर चालनू?"

डॉक्टर मांडीच्या मागच्या स्नायूंबद्दल सांगू लागल्या,
आणि मध्येच थांबल्या.

तक्त्यात अठराव्या ओळीवर रेघ आली.
वगळण्याचं कारण, या रकान्यात दोन शब्द.
प्रबंधात सुपडू भोई असणार नाही.

रात्री घरी निघताना तो जिन्यावर दिसला,
बॅटरी, काठी, गळ्यात शिट्टी.
खाली उतरताना प्रत्येक पायरीवर
उजवाच पाय आधी, मग डावा शेजारी.
चार वर्षं बघतेय त्याला जिना उतरताना.

अजून तीन गुडघे हवेत.
सोमवारी मी झोपणार आहे यंत्रात.
माझा कधीच दुखला नाही, असं
फॉर्मवर लिहून दिलंय.
तेव्हापासून आठवत बसले आहे,
कुठे, कुठल्या गडबडीत,
काही टक् झालं होतं का.