मु. पो. गोंदूर

होस्टेलमधून निघताना तिघांचं सामान
एका छोट्या हत्तीत मावलं,
तरी अर्धा हत्ती रिकामाच.
तीन गाद्या, जामसिंगची पत्र्याची पेटी,
माझा कूलर, ज्याला मागे जाळी नाही,
आणि बिरहानूची बादली.
निळी. तिच्यावर पांढऱ्या रंगात 'रूम १४'.
रेक्टर म्हणाले, बादली कॉलेजची आहे.
बिरहानू म्हणाला, सर, तीन वर्षं मीच धुतली.
रेक्टरांनी पेनाचं टोपण लावलं
आणि दुसरीकडे बघितलं.

पांझरेचा पूल ओलांडून देवपूर.
ड्रायव्हरनं विचारलं, हा कुठला?
जामसिंग म्हणाला, बाजरीवाला.
खोटं नव्हतं. तीन वर्षं तो बाजरीची कणसं मोजतोय,
एकेका कणसाला कागदी पिशवी घालतोय,
थंडीत पोराला टोपडं घालावं तशी.

भदाणे अण्णांनी वरचा मजला दाखवला.
बिरहानूचा पासपोर्ट दोन्ही हातांनी धरला,
पानं उलटली, शिक्के पाहिले, चहा मागवला.
मग जामसिंगला विचारलं,
धडगाव म्हणजे डोंगरातलं ना?
आणि डिपॉझिट एका महिन्यानं वाढवलं.
तिघांचं मिळून, म्हणाले,
बघत मात्र त्याच्याकडेच होते.
मी काही बोललो नाही.
मला फ्लॅट हवा होता.
हे इथं लिहून ठेवतो,
कारण करारात ते नाही.

करार कोर्टाच्या गेटजवळ टाईप झाला.
टेबलाला तीन पाय आणि एक वीट.
कायमचा पत्ता?
बिरहानूनं सांगितलं, गोंदार.
टायपिस्टनं बोटं न थांबवता मान डोलावली:
मु. पो. गोंदूर, ता. जि. धुळे.
माझी मावशी दिली आहे तिथं, म्हणाला.
मी सांगू लागलो, अहो, ते गोंदार वेगळं,
समुद्रापल्याडचं, इथिओपियातलं,
तर बिरहानूनं माझा दंड दाबला.
किती लांब आहे? त्यानं टायपिस्टला विचारलं.
सात-आठ किलोमीटर. काळी-पिवळीनं वीस रुपये.
तो हसला नाही.
मनातल्या मनात कशातून तरी काहीतरी वजा केलं
आणि सही केली
त्याच्या त्या अक्षरांत, जी उभ्या माणसांसारखी दिसतात,
कुणाचा हात कमरेवर,
कुणी एक पाय उचललेला.

पोलीस ठाण्याच्या फॉर्मवर पत्ता खरा आहे.
दोन्ही झेरॉक्स एकाच खिळ्याला.

आता आखाजी.
खाली भदाणेंची लेक माहेरी आली आहे,
निंबाला झोका, दुपारभर दोर करकरतोय.
वर बादलीत बाजरीचं पीठ, दिवस तिसरा.
त्याच्या आईचं धान्य इथं मिळत नाही,
म्हणून ज्याची पीएचडी, त्याचीच भाकरी, आंबवून.
बुडबुडे येतात, फुटतात.
वास जिना उतरून गेला
आणि काकू जिना चढून आल्या.

आम्ही तिघं उभे, चोरी सापडल्यासारखे.
डिपॉझिट गेलं, मी मनात म्हणालो.
काकूंनी झाकण काढलं, बोट बुडवलं, चाखलं.
'बिबड्यासनं पीठ शे का?'
कुणालाच उत्तर सुचेना.
'मीठ कमी शे.'
मग बिरहानूकडे नीट बघत:
'कोन गावना शे रे तू?'

जामसिंग खिडकीबाहेर बघू लागला.
'गोंदूरना,' बिरहानू म्हणाला.

काकूंनी बोट पदराला पुसलं.
'मंग आखाजीले घर का बरं नही गया?'

त्यानं झाकण लावलं,
दोनदा दाबून पाहिलं.
'काळी-पिवळी भेटनी नही.'