आधी थुंकायचं

तलावाच्या भिंतीवर पाटी आहे:
तलावात थुंकू नये. दंड आकारला जाईल.
तिच्याच खाली उभे राहून
दस्तगीर मुलाणी म्हणाले, 'थुंका, मॅडम.
मास्कच्या काचेवर. बोटानं चोळा, मग विसळा.
नाहीतर आतून धुकं धरतं.'
एकोणतीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे
मी आवंढे गिळत आले.
पहिल्याच धड्याला जीभ कोरडी.

जुई लिहिते, इथला समुद्र अकरा अंश,
पण वीस हात खालचा खडा दिसतो.
आई, एप्रिलमध्ये ये. होडी नको, काही नको,
किनाऱ्यावरून चालत जायचं
आणि एका जागी चालणं सोडायचं.
अकरा अंशांना इथे आम्ही मफलर बांधतो
आणि पेपरात शेकोटीचा फोटो येतो.

पहाटे सहाची बॅच.
नळी तोंडात, तोंड पाण्यात,
आणि अंगाचा एकच हट्ट: नको.
तळाला बघायला होतं काय?
निळ्या फरशा, एक ओली पट्टी,
कुणाचा तरी केसांचा चाप.
तो चाप मी आठ दिवस पाहिला.
नवव्या दिवशी श्वास ऐकू आला, माझाच,
शेजारच्या खोलीत कुणी गाढ झोपलंय तसा.

मुलाणी अग्निशमन दलातले. निवृत्त.
बावीस वर्षं बुड्या,
खडकवासल्याला, संगमावर, बंडगार्डनला.
'तलावाचं मोजू नका, ते नळाचं पाणी.
नदीत दिसत काहीच नाही, मॅडम.
डोळे मिटले काय, उघडले काय.
हातानं बघायचं.
दगड लागतो, जलपर्णी लागते, सायकल लागते,
आणि मग एकदम
कापड लागतं.'
एवढं बोलून त्यांनी माझ्या फिनचा पट्टा
गरजेपेक्षा जास्त वेळ आवळला.

जानेवारीत त्यांनी खाण शोधली, वाघोलीच्या पुढे.
क्रशर बंद पडून बारा वर्षं,
गाळ बसून पाणी नितळलेलं.
भाचा रमजान दोर घेऊन काठावर.
सूट म्हणजे शिंप्यानं धाकटीच्या मापानं शिवलेला ब्लाऊज,
गळ्यापासून घोट्यापर्यंत.
पायावर साडीच्या दुकानाची पिशवी चढवून
मी एकेक पाय आत ढकलला.
पिशवीवर: आमची कोठेही शाखा नाही.

फिन घालून पुढे चालता येत नाही.
पाण्याकडे पाठ करून उतरायचं, रुसल्यासारखं.
गारठा टाचांपासून चढला,
मणक्यावरून मानेपर्यंत एक बोट फिरवत गेला,
सूटमध्ये शिरलेलं पाणी
हळूहळू माझ्याच उबेचं झालं.

तोंड बुडवलं.

काळ्या कातळात सुरुंगाच्या भोकांची सरळ रांग.
एक लोखंडी शिडी, कुठेच न चढणारी;
ऊन तिच्यावरून पायरी पायरीनं उतरत होतं.
बोटाएवढे मासे माझ्या सावलीला बिचकून पांगले,
परत आले.
नाक चिमटीत धरलं, फुंकलं,
कानातला कात्रजचा घाट सुटला,
दोन हात खाली गेले. दोनच.
वर येऊन नळीतलं पाणी फुर्रकन उडवलं.

शेजारी मुलाणी पालथे तरंगत होते.
उजवा हात पुढे केलेला.
खूण करतायत म्हणून मी बघत राहिले.
खूण नव्हती. हातच होता.
पालथा केला, उताणा केला,
बोटं पसरली, मिटली, पुन्हा पसरली.
बावीस वर्षं त्या हातानं सगळं पाहिलं होतं
आणि त्याला कुणी पाहिलं नव्हतं.

काठावर दोघांचेही दात वाजत होते.
'तिकडे वीस हात दिसतं म्हणालात?'
'जुई म्हणते.'
बराच वेळ ते खाणीकडे बघत होते.
'मग तिकडे कुणी बुडालं,
तर लगेच सापडत असेल.'

थर्मासच्या झाकणात मी उरलेला चहा ओतला.
वाफेनं माझा चष्मा
धुकं धरून बसला.