राइड नंबर सात

मीटिंगला मलाही बोलावलं, पण टेबलाशी नाही,
दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत,
जुना हिशेब विचारावा लागला तर असावा म्हणून.
वाघोडिया रोड, परीक्षांचे दिवस, पार्क ओस.
टेबलावर सेव-उसळीच्या वाट्या
आणि त्यांच्या मधोमध माझ्या हातचं एक डोकं,
काळं कुळकुळीत, नाकात हाड,
ओठ असे की आधी ओठच दिसावेत.

हसितभाई म्हणाले, एकतीस वर्षं पोरं हसतायत,
कोणाचं काय गेलं?
सूनबाई म्हणाल्या, पप्पा, दोन शाळांच्या सहली गेल्या.
केयूर म्हणाला, गोरे करू या.
मग कढईतल्या साहेबाला उकळणार कोण?
बरं मग, निळे. परग्रहावरचे.
निळ्यावर कोणी भांडत नाही.
मी खिडकीबाहेर बघितलं.
निळ्यावरही पुष्कळ काही बोलता आलं असतं,
पण मी दाराजवळ बसलो होतो.

खरं सांगायचं तर साचा एकच.
मांडवीतल्या कापडदुकानाचा पुतळा, शेरवानी उतरवलेला.
त्यातूनच गेटवरचा दरबान काढला, कढईतला साहेब काढला,
आणि हुंबाबेटावरचे हे अकरा जण.
काळा ऑइलपेंट गेटचा उरला होता, दीड डबा.
एवढंच, असं मी आजवर सांगत आलो.
बायकोलासुद्धा.

ओठ मात्र उरलेल्या रंगातून येत नाहीत.
कालवा खणायला एक पोरगा होता, याकूब सिदी.
म्हटलं, जरा उभा राहा रे उजेडात.
तो नळावर जाऊन केस ओले करून आला,
शर्टाचं वरचं बटण लावून.
त्याला वाटलं, राजा करतायत.
मी सुतळीने माप घेतलं
आणि दुप्पट केलं.
लांबच्या बोटीतून दिसायला हवं ना.

आता तो पंप सांभाळतो, जमिनीखाली.
त्यालाही वर बोलावलं. हात पुसत आला.
सूनबाईंनी फार जपून विचारलं,
तुमचे लोक मूळचे कुठले?
रतनपूरचे, म्हणाला. झगडियाच्या पुढे.
नाही, म्हणजे त्याआधी?
त्याआधी मी लहान होतो.
केयूरने विचारलं, तुला वाईट वाटतं का रे?
साखर पुरेशी आहे का, असं विचारावं तसं.
तो म्हणाला, दोन नंबरचा व्हॉल्व्ह गळतोय,
तीनदा लिहून दिलंय.

सगळे हसले. मीपण.

जिन्यात मला म्हणाला,
नात आली होती उन्हाळ्यात. सात वर्षांची.
पुढच्या बाकावर बसली, घाबरली नाही.
बाहेर आल्यावर म्हणते, दादा,
ते आत काय ओरडतात? कुठली भाषा ती?

टेप माझी आहे.
दांडिया बाजारात, एका रात्रीत,
मी, माझा मेहुणा आणि तबलजी साठे,
बादलीत तोंड घालून हुंबा हुंबा.
पाचशे रुपये मिळाले, तिघांत.

मग काय सांगितलंस, मी विचारलं.
याकूब पायऱ्या उतरत होता.
मराठी, म्हणाला.

निर्णय पुढच्या सोमवारी.
तोवर मला थिनर दिलंय आणि पत्रीचा तुकडा,
नमुन्यादाखल एक तोंड खरवडून दाखवा म्हणून.
लाल निघतं पटकन. काळं चिवट.
त्याखाली दुकानातला तो गुलाबी,
त्याखाली फायबर,
फायबरच्या आत हात घातला तर बोटांना लागतो
माझाच अंगठा, ओल्या मालात दाबलेला.

लाइट चालू आहेत. बोटी रिकाम्या फिरतायत.
टेप बंद करा असं कोणी म्हणालं नाही,
आणि बटण कुठे आहे
ते मला ठाऊक आहे.