बोटाखालचं नाव

रविवारी रात्री साडेनऊला
आक्काताईच्या सोप्यात आम्ही बारा जणी,
मांडीवर सुपं, सुपात जर्दा,
आणि टीव्हीवर ती नटी,
आपलं घराणं हुडकत निपाणीत आलेली.

आलेली म्हणजे गेल्या उन्हाळ्यात.
तेव्हा कुणाला पत्ता नव्हता.
स्टँडमागं एक पांढरी गाडी उभी होती म्हणे,
जैबूननं बघितलेली.
तिला वाटलं, इलेक्शनची.

आधी सगळ्यांनी गावच बघितलं.
'ती बघ की आपली टाकी!'
'माझ्या दिराचं दुकान गेलं बघ, शटर खाली.
दुपारचं झोपतोय, मी सांगते ते खोटं वाटतं तुम्हाला.'
नटी काय बोलाली
ते जाहिरात लागेपर्यंत कुणी ऐकलं नाही.

मग एका चष्मेवाल्यानं तिला सांगितलं,
तुमची पणजी सरदाराच्या घरची नव्हे,
वखारीतली. नाव कोंडव्वा.
दिवसाला हजार विड्या.
नटीनं तोंडावर हात घेतला
आणि रडली.

बारा कात्र्या थांबल्या.
'ह्यात रडण्यासारखं काय हाय गं?'
तुळसा म्हणाली.
तिच्या आज अकराशे झालेल्या, त्यातली साठ छाटात गेलेली.

'रडायचे पैसे मिळत्यात तिला.'
'न्हाई, खरं रडाली. नाक बघ की.'
'कोंडव्वा म्हणजे कानडी म्हणायची का आपल्यातली?'
'आपल्यातली म्हणजे कुठली गं?
माझी सासू रेशनकार्डात पारव्वा,
मतदारयादीत पार्वती,
आणि सरणावर नुसती म्हातारी.
हजेरी मांडणारा गुजराथी होता,
त्याच्या कानाला जे आलं ते त्यानं लिहिलं.'

यावर थोडं भांडण झालं.
शालननं आवाज वाढवला, टीव्हीचा.

चष्मेवाल्यानं पुस्तक उघडलं.
लांबडं, लाल कापडाच्या बांधणीचं,
कडा कुरतडलेल्या, आत शाईनं भरलेली पानं.
नटीनं एका ओळीवर बोट ठेवलं.
मागं बासरी वाजाय लागली.
बासरी कशाला, कुणाला कळलं नाही.

तेव्हा गंगव्वा बोलली.
ती टीव्हीपुढं कधी बोलत नाही,
तिला एका डोळ्यानं दिसतं.
'हे पुस्तक कुठनं आलं?'

कोण काय सांगणार.
'माझी आई तीन वर्सं फंडासाठी खेटे घालत होती.
तिला सांगितलं, पुस्तकं वाळवीनं खाल्ली.
आई गेली.
वाळवीनं परत आणून दिलं काय?'

जाहिरात लागली. साबणाची.
कुणी उठून आवाज कमी केला नाही.

दुसऱ्या दिवशी मी तो भाग मोबाईलवर लावला,
दहावी झालेली मी एकटीच.
पुस्तकाच्या पानावर चित्र थांबवलं
आणि दोन बोटांनी ओढून मोठं केलं.
वरची ओळ: कोंडव्वा, हजार, सही अंगठा.
खालच्या ओळीवर नटीचं बोट,
नखाला शेंदरी रंग, वर हिऱ्याची अंगठी,
आणि बोटाच्या पलीकडनं
नुसतं '…व्वा'
आणि एक अंगठा, जरा तिरका.

मोबाईल बारा मांड्यांवरनं फिरला.
जैबून म्हणाली, आमच्यात व्वा नसतं बाई, पण दाव.
तुळसा म्हणाली, बाळव्वा असेल, माझी आज्जी.
आक्काताई म्हणाली, यल्लव्वा, अंगठा बघ, कात्रीनं कापलेला.
जिला तिला आपल्या घरची दिसाली.
काचेवर जर्द्याचे ठसे उमटले, मी पदरानं पुसले.

शेवटी गंगव्वाकडं आला.
तिनं चांगल्या डोळ्याजवळ धरला,
कितीतरी वेळ,
इतका की स्क्रीन दोनदा काळी पडली
आणि दोनदा मी परत उजळली.

'हिला फोन लागतो काय?' तिनं विचारलं.
'कुणाला?'
'हिला. म्हणावं,
जरा बोट बाजूला घे.'

पुढच्या रविवारी कुणी क्रिकेटवाला आहे म्हणे,
त्याचा खापरपणजोबा किल्लेदार.
चारला मुकादम येतो.
माझ्या अजून दोनशे व्हायच्यात.