अंगवळणी

तेलावीच्या उतारावर, चर्चच्या मागच्या गल्लीत
आमची तोने.
तोने म्हणजे जमिनीत पुरलेला रांजण,
तळाशी द्राक्षवेलींच्या काटक्यांचा जाळ.
एकवीस वर्षं मी त्यात कमरेपर्यंत वाकलो,
पाय हवेत, डोकं आगीवर,
ओला पाव भिंतीला थापायचा
आणि श्वास संपायच्या आत वर यायचं.
लोक म्हणायचे, एल्गुजा रोज नरकात डोकावतो
आणि येताना शोती घेऊन येतो,
नावेसारखी निमुळती, टोकांना करपलेली.

डॉक्टरबाईंनी पडद्यावर माझा मेंदू दाखवला.
काळ्या ओट्यावर पीठ सांडावं
तसे पांढरे ठिपके.
आजाराचं नाव त्यांनी दोनदा सांगितलं,
मग म्हणाल्या, उष्णता टाळा.
मला हसू आलं.
माशाला कुणी म्हणावं, पाणी जरा जपून.

पहिल्या हिवाळ्यात मी काठी
मैद्याच्या पोत्यांमागे लपवायचो.
गिऱ्हाईक आलं की फळीला कंबर टेकून ताठ उभा.
एकदा दारातच कोसळलो, तर म्हणालो, रात्री जास्त झाली.
दारूला माफी आहे आमच्याकडे.
पायाला नाही.

सगळे सांगायचे, हातपाय गाळू नकोस.
मी गाळत नव्हतो.
ते गळत होते.

आणि रोज रात्री पांघरुणाखाली पायांशी बोलणी:
वसंतापर्यंत बरे व्हा.
बरं, द्राक्षतोडणीपर्यंत.
बरं, नाताळ.
कोर्टात ढकलतात तशा तारखा ढकलत गेलो,
आणि समोरचा पक्ष
एकाही तारखेला हजर झाला नाही.

पेलाग्या आजीनं ती काठी पाहिली एका सकाळी.
मी खोटं जुळवत होतो तोंडातल्या तोंडात.
ती म्हणाली, अक्रोडाची का रे?
तुतीची, मी म्हणालो.
तुती बरी, वाकते पण मोडत नाही,
दोन शोती दे, कालच्यासारख्या कच्च्या नकोत.
एवढंच.
एवढ्यासाठी मी चार महिने पोती सरकवत होतो.

आता आगीशी नुत्सा असते, माझ्या बहिणीची मुलगी.
आत गेलं की मला दोन-दोन नुत्सा दिसतात,
म्हणून मी अंगणात, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर,
पाहुण्यासारखा, स्वतःच्याच घरी.
त्या दिवशी रागानं नुसता धुमसत बसलो होतो
आणि उघड्या दारातून ऐकू आलं:
थप.
पाणी जास्त झालंय, मी ओरडलो.
ती पिठाच्या हातांनी बाहेर आली.
न बघता कसं कळलं, मामा?
मलाही कुठे ठाऊक होतं.
एकवीस वर्षं माझं सगळं लक्ष आगीकडे,
कान मात्र आपले आपण शिकत बसलेले.

याला विजय म्हणू नका.
त्याच संध्याकाळी सदऱ्याचं बटण लागेना,
मझियानं लावायला हात पुढे केला
तर मी कप भिंतीवर फेकला.
तिनं तुकडे गोळा केले.
मग बटण लावलं.
मग म्हणाली, हा कप तुझ्या आईचा होता.

पण सकाळी आता तारीख मागत नाही.
खिडकीतून ढग बघावेत तसं
पांघरूण बाजूला करून विचारतो,
आज कोणता पाय आलाय?
डावा आला असेल तर दुकानापर्यंत.
कुणीच आलं नसेल तर खुर्ची दारापाशी,
आणि मझिया मला सांगते कोण कोण येऊन गेलं.

बरं वाटतंय का, विचारतात.
काय सांगू.
बरं वाटत नाही,
अंगवळणी पडतंय:
वळणं त्याची,
अंग माझं.

पहाटेचे चार. थंडी माझ्या पायांना मानवते.
आत नुत्सा वाकते.
थप.
थप.
तिसरा जरा उशिरा, जरा सैल.
मी तोंड उघडतो
आणि मिटतो.
ऐकू दे तिला.